इब्राहिमभाईंचा जावई

नऊ वर्षांपूर्वी मला विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला मी ‘होय’ असं उत्तर दिलं. खरं उत्तर ‘नाही’ होतं. त्या एका शब्दापायी एका मासळीवाल्याचं नाव गेलं, दोन माणसांची चाळीस वर्षांची मैत्री तुटली, आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला ते इब्राहिमभाई पुढची नऊ वर्षं मला भला माणूस समजत राहिले. या तीन गोष्टींपैकी तिसरीच मला सर्वांत जड गेली. हे लिहिताना शरम वाटते. पहिल्या दोन गोष्टींचं दुःख इतरांचं होतं आणि तिसरीचं फक्त माझं.

मी विज्ञानाचा शिक्षक. आवाज जन्मजात खालचा. हळू बोलणारा माणूस खोटं बोलत नसणार, असं लोक आपणच ठरवून टाकतात. या समजाचा आधार मी किती वर्षं घेतला, ते मला माहीत आहे.

पण सांगायचं आहे ते इब्राहिमभाईंविषयी.

देवगड बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं यंत्रं सांभाळली. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आम्ही जवळच्या जामसंड्यात त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायला आलो. चौकड्याची लुंगी आणि खांद्यावर यंत्र पुसायचं फडकं हा त्यांचा कायमचा वेश. कारखाना सुटला तरी फडकं सुटलं नाही. नमाजाला जाताना तेवढं ते दाराच्या कडीला अडकवून ठेवत. कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नव्हे, यंत्रांकडे बघत. लुंगीच्या गाठीत खोचलेला लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून अर्धं मिनिट ऐकत. आमच्या फ्रीजला एकदा असा स्क्रूड्रायव्हर लावून ते माझ्या पत्नीला म्हणाले, “वैनी, ह्येका दम लागता. आठ दिस जगतलो.” नवव्या दिवशी फ्रीज बंद पडला. तेव्हापासून ते घरात आले की पत्नी मिक्सर कपाटात ठेवू लागली.

एका दुपारी त्यांनी मला रस्त्यावरूनच हाक मारली. “येवा सर, जावयाक भेटा.”

त्यांची एकुलती एक मुलगी कोल्हापूरला दिली होती. जावई आले असतील असं समजून मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, चपला नीट जोडून ठेवल्या आणि आत गेलो. बैठकीच्या खोलीत जिथे माणसं बसायची त्या जागी बारा फूट लांबीची सिमेंटची टाकी होती. तिची पुढची बाजू जाड काचेची. काचेपलीकडे हिरवट पाणी, रचलेले काळे खडक, आणि त्या खडकांतून माझ्याकडे रोखून पाहणारं एक तोंड. तोंड म्हणतो, कारण प्रथम दुसरं काही दिसलंच नाही. खालचा जबडा पुढे आलेला, जाड ओठ, पिवळसर डोळे स्वतंत्रपणे फिरणारे. मग मागचं तपकिरी, ठिपक्यांचं धड हळूहळू बाहेर आलं. अडीच फुटांचा गोबरा मासा होता तो. बाजारात मी गोबऱ्याच्या तुकड्या घेतल्या होत्या. पण जिवंत, पूर्ण आणि माझ्याकडे बघणारा गोबरा माणसाच्या घरात भेटेल, ही कल्पनाच मी कधी केली नव्हती. मी एक पाऊल मागे सरलो.

“भियालास?” इब्राहिमभाई हसले. “जावय तो. खाता, एका जाग्यार बसता, आणि घरच्यांकडे असो बघता जसो काय उपकारच करता.”

आतून त्यांच्या पत्नीचा, हमीदाभाबींचा आवाज आला, “माशाक दिवाणखानो आणि पावण्यांक पडवी. सांगा सरांक, ह्या घरात माजो मान कितवो ता!”

खऱ्या जावयांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा जेवता जेवता घास थांबला होता म्हणे. मग टाकीकडे नीट बघून ते म्हणाले होते, “मामू, आमच्यापेक्षा याची सोय बरी ठेवलीय.”

हा मासा इब्राहिमभाईंना दिला होता बाबलने. बाबल म्हणजे त्यांचा जिवाभावाचा मित्र. लहान होडीचा मालक, स्वतः पकडायचा आणि स्वतःच विकायचा. कारखान्यात बर्फ न्यायला येता येता मैत्री झाली आणि चाळीस वर्षं टिकली. इब्राहिमभाई निवृत्त झाले त्या आठवड्यात बाबलच्या जाळ्यात खाडीच्या तोंडाशी तळहाताएवढा गोबरा आला. तो त्याने डब्यात घालून आणला आणि पायरीवर ठेवून म्हणाला, “घे इब्रा. बर्फ संपलो, आता ह्येका थंड ठेव.” थट्टाच होती. पण इब्राहिमभाईंनी थट्टा मनावर घेतली. मासा वाढत गेला तशी त्यांनी तीनदा टाकी बदलली; तिसरी बांधताना खोलीची एक भिंत पाडली. पंप, वाळूचं गाळणं, पाणी थंड ठेवणारं यंत्र, सारं भंगारातून जमवून त्यांनी स्वतः जोडलं होतं. पाणी मात्र खरं समुद्राचं. दर गुरुवारी निळ्या ड्रमांतून, आणि तेही भर भरतीला भरलेलं. ओहोटीचं पाणी खाडीचा गाळ आणि गोडेपणा घेऊन येतं, ते जावयाला चालत नाही, असा नियम होता.

त्याला भरवण्याचा प्रसंग पाहणं हा एक धक्का असे. इब्राहिमभाई बांगडा शेपटीने धरून पाण्यावर आणत. गोबरा खडकातून जणू सहज बाहेर येई, थांबे, आणि मग जे घडे ते डोळ्यांना दिसतच नसे. फट्‌कन आवाज, पाण्याची उसळी, आणि इब्राहिमभाईंच्या चिमटीत काहीच नाही. चावणं नाही, झटापट नाही. वर्गात मी ‘भक्षक’ हा शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. त्या दुपारी मला प्रथम कळलं की तो शब्द मी फक्त लिहीत होतो.

त्याहून मोठा धक्का पुढे बसायचा होता. सोबतीला म्हणून इब्राहिमभाईंनी त्या टाकीत एक तांबोशी मासळी सोडली होती, गोबऱ्याच्या निम्म्या आकाराची. सात महिने दोघं एकत्र नांदले. एका सकाळी मी गेलो तर गोबऱ्याच्या तोंडातून तांबोशीची लाल शेपटी बाहेर लोंबत होती. पूर्ण गिळता येत नव्हती, टाकताही येत नव्हती. तशा अवस्थेत तो दोन दिवस तळाला बसून होता आणि शेपटी रोज थोडी आत जात होती. मी म्हणालो, “भाई, किती क्रूर जात ही!”

इब्राहिमभाई टाकीसमोर पाटावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्येका कित्याक बोलतास, सर? दर्यात तांबोशेक पळाक वाट आसता. हंय भिंती मी बांदलंय. गुनो माजो.”

दोन दिवस त्यांनी मासळी खाल्ली नाही. स्वतःचा दोष ओळखायला या माणसाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, हे मी तेव्हा पाहिलं होतं. पुढे माझी वेळ आली तेव्हा ते मला आठवलं नाही, असं म्हणता येणार नाही. आठवलं होतं.

त्यानंतर ते दर वर्षी म्हणू लागले, की याला आता दर्यात सोडायला हवा. नारळी पौर्णिमा जवळ आली की बाबल चिडवी, “इब्रा, मी नारळ टाकूक जातंय. जावयाक पण देतंस? बरोबरच टाकतंय.” इब्राहिमभाई म्हणत, “औंदा पाणी गढूळ आसा. फुडल्या वर्साक.” पुढल्या वर्षीही पाणी गढूळच निघे. भाबी म्हणत, “पाणी कसला गढूळ! ह्येंचा मन गढूळ.”

आणखी एक सवय सांगायला हवी. पाण्याचा खारटपणा ते जिभेने ओळखत. उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावायचं, क्षणभर तोंड बंद ठेवायचं, मग निकाल द्यायचा. मला हे अशास्त्रीय वाटे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतली, पाण्याची घनता मोजायची काचेची नळी घेऊन गेलो. त्यांनी चाखलं आणि म्हणाले, “चिमूटभर कमी.” मी नळी सोडली, खरंच थोडी कमी होती. तीन निरनिराळ्या दिवशी मी हा प्रयोग केला. तिन्ही वेळा माणूस आणि नळी यांचं एकमत झालं. बाबल पायरीवरून ओरडला, “सर, ती नळी शाळेत ठेवा आणि इब्राची जीब कापून न्या!”

आणि वादळाचे ते दोन दिवस. तारा तुटल्या, खांब आडवे झाले, गावाची वीज गेली. इन्व्हर्टर दुपारपर्यंत चालला आणि थांबला. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही; एवढा मोठा मासा काही तासांत गुदमरला असता. मी चौकशीला गेलो तेव्हा बाबल कमरेएवढ्या पाण्यात, खुद्द टाकीत उभा होता. हातात पितळी तांब्या. पाणी भरायचं, डोक्याच्या वर न्यायचं आणि धार धरून खाली सोडायची. धारेबरोबर हवा पाण्यात जाते. तो दमला की इब्राहिमभाई आत उतरत आणि हा बाहेर येऊन थरथरत चहा पिई. गोबरा दोघांच्या पायांत बसलेला. “मेल्या, माज्या अंगठ्याक बघता तो!” बाबल म्हणे. “बघूंदे. तुजो अंगठो बघून त्येची भूक मरता,” हे इब्राहिमभाईंचं उत्तर. बाबलची स्वतःची होडी त्या वादळात किनाऱ्यावर आपटून फुटत होती. हे त्याला ठाऊक होतं. तो गेला नाही.

एवढं सगळं मी का सांगितलं, ते आता कळेल.

त्यानंतरच्या थंडीत कोल्हापूरहून निरोप आला की मुलीचं बाळंतपण अडलं आहे. इब्राहिमभाई आणि भाबी तासाभरात निघाले. जाताना त्यांनी दोन कामं वाटून दिली. बाबलने एक दिवसाआड दोन बांगडे घालायचे आणि मी गुरुवारी पाणी बदलायचं. “चार ड्रम, सर. भर भरतीक. बाकी काय नाय.”

गुरुवारी बाबल सकाळी बांगडे घालून होडीवर गेला. मी दुपारची भरती साधून टेम्पो घेऊन बंदरावर पोचलो. ड्रम उतरवताना एक निसटला आणि दगडावर आपटून तळाशी तडकला. तीन ड्रम पाण्यानेही त्या आठवड्याचं भागलं असतं. पण मी चार म्हणजे चार असं मानणारा माणूस. दुसऱ्याने दिलेलं काम तंतोतंत केल्याचं समाधान मला फार लागतं. माझी चाळीसेक हापूसची कलमं आहेत. मोहोरावरच्या फवारणीसाठी औषध कालवायचा ड्रम बागेत होता, तसाच निळा, तेवढाच. दहा दिवसांपूर्वी वापरलेला. मी तो साबणाने धुतला, तीनदा विसळला, आत डोकं घालून वास घेतला. काही नव्हता. चौथा ड्रम म्हणून मी तो भरून आणला आणि पाणी टाकीत सोडलं.

तासाभराने गोबरा खडकाबाहेर आला. प्रथम वाटलं, भूक लागली असेल. मग त्याचं अंग थरथरू लागलं. तो काचेवर आपटला, उलटा झाला, पुन्हा सरळ झाला. कल्ले इतक्या वेगाने उघडझाप करत होते की मला ते बघवेना. मी पंप वाढवला. तांब्या घेऊन धार धरली. चार वाजेपर्यंत तो तळाला आडवा झाला होता आणि त्याचे ते स्वतंत्रपणे फिरणारे डोळे एकाच दिशेला थांबले होते.

मी बागेत गेलो. खोपीत औषधाची बाटली होती. ती मी तीन वर्षं वापरत होतो. बाटलीच्या कागदावर, अगदी खाली, बारीक अक्षरांत मराठीत छापलं होतं, की हे औषध माशांसाठी अत्यंत विषारी आहे. वापरलेली भांडी पाण्याच्या साठ्याजवळ धुऊ नयेत. मी शिक्षक आहे. मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगण्यात माझं आयुष्य गेलं आहे. मी तो मजकूर तिथे उभा राहून तीनदा वाचला, बाटली होती तिथे ठेवली आणि ड्रम खोपीमागे पालथा घातला. मग कोल्हापूरला फोन केला आणि सांगितलं, “जावई बरा दिसत नाही.” मेला, हेसुद्धा मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. मुलगी सुखरूप होती, नात झाली होती. पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच ते टाकीसमोर उभे राहिले. मग स्क्रूड्रायव्हर काढून प्रत्येक पंप ऐकला. सगळे ठीक होते. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सर, पाणी आपल्याच ड्रमांतला मां?”

“होय,” मी म्हणालो.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. त्यांनी मधलं बोट त्या पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. अडीच फुटांचा मासा ज्या पाण्यात मेला होता ते पाणी. त्यात काय आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. हात धरता आला असता, ओरडता आलं असतं. बोट पाण्यातून जिभेपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला मिळाला होता, आणि तेवढ्यात मी ठरवलं, की एवढ्या थोड्याने माणसाला काही होत नसावं. ‘नसावं’ या शब्दावर मी त्यांचा जीव टांगला. त्यांना काही झालं नाही. पण मी कोण आहे ते मला त्या दिवशी समजलं, आणि तो धक्का माशाच्या मरणापेक्षा मोठा होता.

“खारटपण बरोबर आसा,” ते म्हणाले. “पाण्यात काय खोट नाय.”

पंप ठीक, पाणी ठीक. राहिलं खाणं.

बाबल तेवढ्यात पायरी चढत होता. नातीची बातमी ऐकून तो हसत आला होता, हातात मोठी सुरमई. शेजारची चार माणसं पेढ्यांसाठी अंगणात जमली होती.

“बाबल, काल बांगडे खंयचे घातलंस?”

“खंयचे म्हणजे? माज्या जाळ्यातले. कित्याक रे?”

“खरा सांग. दुसऱ्याच्या बर्फातले होते? टिकूक पावडर मारलेले?”

बाबलला आधी थट्टा वाटली. “व्हय तर! जावयाक पावडर लावून सजवलंय.” मग त्याने टाकीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“तुज्या हातचा खावन मेलो तो,” इब्राहिमभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता. “चाळीस वर्सां तुजी मासळी खाल्लंय. आज कळला तू काय विकतंस ता. परत माज्या पायरेर चढा नको.”

“इब्रा,” बाबल म्हणाला, “मी ताज्या मासळेशिवाय कोणाक दुसरा दिलंय कधी?” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होतो. सुरमई पायरीवर ठेवून तो निघून गेला.

महिन्याभरात बाजारात त्याचं नाव ‘पावडर बाबल’ पडलं. अंगणातल्या चौघांपैकी कोणीतरी ते नेलं असेल. सुरुवातीला हसण्यावारी होतं, मग बायका त्याच्या टोपलीपुढे थांबेनाशा झाल्या. एकदा माझ्यासमोर एकीने दुसरीला सांगितलं, “त्येच्याकडसून नको गो, पावडर बाबल तो.” मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे गेलो. पुढे पुढे तो मासळी टेम्पोत घालून वैभववाडीला नेऊन विकू लागला, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. समुद्राकाठच्या माणसाने डोंगराच्या पायथ्याशी जाऊन ताजी मासळी विकायची!

इब्राहिमभाईंनी पुन्हा मासा पाळला नाही. टाकीत भाबी आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवू लागल्या. बाबलचा विषय निघाला की ते खांद्यावरच्या फडक्याने काहीतरी पुसू लागत. माझ्याशी मात्र अधिकच मायेने वागत. “सर, त्या चार दिसांत तुमी आपला घर समजून केलास. ता मी मरासर इसराचंय नाय.” प्रत्येक ईदेला शिरखुर्म्याचं पहिलं भांडं आमच्याकडे येई. मी ते खात असे.

यंदा त्यांनी घर विकलं. दोघांचं वय झालं, मुलीने आग्रह केला, आणि कोल्हापूरला कायमचं जायचं ठरलं. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “सर, एक काम रवला. उद्या जाताना बाबलच्या दारात गाडी थांबवतंय. त्येका सांगतंय, मी तुका माफ केलंय. कधीच केलंय, पण सांगूक गेलंय नाय. असो कसो जाव?”

इतकी वर्षं माझी समजूत होती की माझ्या खोट्याचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं आहे. तसं नव्हतं. उद्या एक निष्पाप माणूस आपल्याच दारात, आपल्या बायकामुलांदेखत, माफ केला जाणार होता. आणि माफ करणाऱ्याचं मन स्वच्छ होतं.

मी तसाच बाबलकडे गेलो. तो अंगणात जाळं शिवत होता. मी सगळं सांगितलं. ड्रम, बाटली, ‘होय’. त्याची सुई चालत राहिली. शिवीची मी वाट पाहत होतो, ती आली नाही. शेवटी त्याने विचारलं, “पेढ्याची दोरी सोडत होतास तुमी. तेवा तुमका ठावक होता?”

“होय.”

“आदल्या दिसापासून?”

“होय.”

त्याने सुई खाली ठेवली. “नऊ वर्सां माका वाटला, खरोखरच माज्या बांगड्यांत काय होता काय. दर माशाचो वास घेवन बघतंय मी अजून. घरवाली हसता.” मग जाळं बाजूला सारून म्हणाला, “माका सांगून काय उपेग, सर? त्येका सांगा. जंय तो बोल्लो थंय सांगा. मी येतंय. पण पायरी चढाचंय नाय.”

सकाळी नऊला इब्राहिमभाईंच्या दारात ट्रक लागला होता. सामान चढत होतं. नऊ वर्षांपूर्वीसारखीच शेजारची माणसं अंगणात जमली होती, निरोप द्यायला. बाबल पायरीखाली उभा राहिला, हात मागे बांधून. इब्राहिमभाई दारात आले, त्यांनी त्याला पाहिलं आणि चौकटीला धरलं. मी दोघांच्या मध्ये होतो.

रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. “भाई,” मी म्हणालो, “आज आपल्याला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी फार पूर्वी सांगायला हवी होती...”

गेल्या दोन वर्षांत इब्राहिमभाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं. त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकले. “काय म्हणतास, सर? जरा मोठ्यान.” मी तेच पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली. “कान गेले ओ. आराडून सांगा. आपलीच माणसा सगळी.”

ते मला शेवटचे आठवतात ते असे. हात कानामागे, मान किंचित तिरपी, डोळे माझ्या ओठांवर, आणि चेहऱ्यावर माझ्यावरचा तो पुरा विश्वास. आयुष्यात मी वर्गातही कधी आवाज चढवला नव्हता. जुळवलेलं एकही वाक्य मला सापडेना. मी ओरडलो तेव्हा ट्रकवरचे हमालही थांबले.

“भाय, जावयाक मी मारलंय! चौथो ड्रम माज्या फवारणीचो होतो! तुमी विचारलास तेवा मी खोटा बोललंय! तुमी ता पाणी जिबेक लावलास, तरी मी गप रवलंय! बाबलची मासळी ताजी होती, भाय! बाबलान काय एक करूक नाय! चुकलंय मी! बाबल, भाय, तुमी दोघांनीव माका माफ करा!”